खेळाची नोंद कोणत्या खात्यात?

पूर्णा नदीवर येलदरीच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वरचे धरण उभे राहिले आणि त्याच्या कालव्यांचे पाणी परभणी, हिंगोली व नांदेड या मुलखांतील शेतांत फिरू लागले, तेव्हापासून या पट्ट्यातील शेतकऱ्याला पाणीअर्ज, मंजुरी, पाळी आणि पाणीपट्टी या बाबी घरच्या माणसांइतक्या ओळखीच्या झालेल्या आहेत. कोणत्या गटात कोणते पीक आणि किती क्षेत्र, हे आधी लिहून द्यावे लागते. आणि अर्जात गहू लिहून रानात ऊस उभा केला, तर कालव्यावरच्या माणसाला तो लांबूनच दिसतो, पंचनामा होतो आणि आकारणी वाढते. उसात काही पाप नसते. दोष एवढाच, की तो बिनअर्जी असतो.

हलक्याफुलक्या खेळांसाठी आणि रोजच्या वापरासाठी स्वस्तात कोणता संगणक घ्यावा, हा आज औंढा नागनाथ तालुक्यातील साध्या घरांतही उपस्थित होणारा प्रश्न मी धर्मविचाराच्या कक्षेत ओढीत आहे, तो या बिनअर्जी पिकामुळेच. हळद हिंगोलीच्या अथवा वसमतच्या बाजारात विकली जाऊन हिशेबपट्टी हातात पडली, उधारी-उसनवारी फिटली आणि काही रक्कम शिलकीत राहिली, म्हणजे नांदेडला शिकावयास असलेला मुलगा घरात आपली तजवीज मांडतो : "बाबा, अभ्यासाला कॉम्प्युटर लागतोय." बाप विचारतो, "कितीचा?" आई विचारते, "मोबाईलवर होत नाही का?" मग प्रकल्प, प्रॅक्टिकल, ऑनलाईन फॉर्म, स्पर्धापरीक्षा असे एकेक कारण दाखल होत जाते, आणि त्यांतील एकही खोटे नसते, परंतु रात्री जेवणे आटोपल्यावर त्या पडद्यावर प्रकल्प उघडणार नसून माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट उघडणार आहे, ही गोष्टही तिघांना तितकीच पक्की ठाऊक असून तिघांपैकी कोणी ती उच्चारीत नाही. आनंदासाठी म्हणून आणावयाची वस्तू उपयोगाचा वेष घेतल्यावाचून आमच्या घरांचा उंबरठा ओलांडू शकत नाही. माझ्या मते या व्यवहारातील धर्मप्रश्न हाच आहे. खर्च करावा की न करावा, हा त्याच्या मागून येणारा आणि पुष्कळच सोपा प्रश्न होय.

घरातील वडीलधाऱ्यांचे ठरलेले उत्तर संतोषाचे असते. पतंजलींनी अपरिग्रहाला यमांत आणि संतोषाला नियमांत स्थान दिलेले आहे, हे त्यांना सूत्राच्या अंकासह ठाऊक नसले तरी, आहे त्यात भागवावे ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. आणि ती वाईट आहे असे कोण म्हणेल? मात्र संतोषाचा हा उपदेश बहुधा दुसऱ्याच्या मागणीवर लागू होतो. मुलाच्या संगणकाच्या वेळी जागी होणारी निरिच्छता घरात नवी मोटारसायकल येते त्या दिवशी कोठे रजेवर जाते, याचा शोध घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. असो.

अपरिग्रहाचा विचार त्या उपदेशाहून फार बारीक आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने त्याचे लक्षण सांगताना कोणत्याही विषयाच्या ठायी पाच दोष न्याहाळावयास सांगितलेले आहेत : तो मिळविण्यातला, राखण्यातला, त्याच्या झिजण्यातला, त्याच्याशी जडण्यातला आणि त्यापायी होणाऱ्या हिंसेतला. भाष्यकाराच्या मनात हे पाहून वस्तू नाकारणे आहे, हे खरे. तथापि गृहस्थाने संगणकाच्या दुकानात उभे राहून हीच पाच नावे मनात घोळविली, तर त्याला विक्रेत्याच्या तोंडून निघणाऱ्या सल्ल्याहून अधिक विश्वसनीय सल्ला मिळेल, असे मला वाटते.

मिळविण्याचा दोष हप्त्यात दिसतो. शून्य व्याजाचे म्हणून जे हप्ते सांगितले जातात, त्यांत प्रक्रियाशुल्क पुष्कळदा वेगळे असते आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हातची गेलेली असते. परंतु आमच्याकडे खरी अडचण निराळीच आहे. हळदीचे पैसे वर्षातून एकदा येतात, आणि हप्त्याचा तगादा दरमहा येतो. ज्याचे उत्पन्न सुगीचे आहे त्याने खर्च पगारदाराच्या मुदतींवर बांधून घेणे म्हणजे दहा महिने दुसऱ्या कोणाच्या तरी उसनवारीवर जगणे होय; सबब हातातल्या शिलकीत बसेल तेवढाच संगणक, हा नियम येथे कंजूषपणाचा नसून साध्या शहाणपणाचा आहे.

राखण्याचा दोष विजेत आहे. वीज जाते, येते, आणि येताना कधी इतक्या जोराने येते की घरातले दिवे डोळे वटारतात. टेबलावरचा संगणक घेतला तर यूपीएस आणि चांगली अर्थिंग यांचा खर्च त्याच्या किमतीत आधीच धरला पाहिजे; लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण स्वस्त लॅपटॉपांपैकी पुष्कळांत मेमरी मुख्य पाटीवरच डाखलेली असते आणि पुढे ती वाढवू म्हटले तर वाढत नाही. टेबलावरच्या यंत्रातला बिघडलेला भाग तेवढा काढून नवा बसविता येतो. लॅपटॉप वसतिगृहात नेता येतो. मुलगा घरी राहणारा की नांदेडला राहणारा, यावर हा वाद मिटतो, आणि त्यासाठी पांडित्याची गरज नाही.

झिजण्याचा दोष मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण स्वस्ताईची बहुतेक फसगत तेथेच होते. कचेऱ्यांतून बाहेर पडलेले, पुसूनपासून पुन्हा विकावयास आलेले संगणक आज जिल्ह्याच्या गावांतही मिळतात; त्यांच्या पेटीवर एक निळी चकती असते, तीवर आय-फाइव्ह असे लिहिलेले असते, आणि गिऱ्हाईक ती चकती पाहून समाधान पावते. परंतु ४५७० क्रमांकाचा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा आणि ८५०० क्रमांकाचा आठव्या पिढीचा. दोघांचे नाव एक आणि नशीब निराळे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था लागते. म्हणजे चौथ्या पिढीचे यंत्र विकत घेणारा मनुष्य ज्या दिवशी पैसे मोजतो त्याच दिवशी त्या यंत्राची राजमान्यता संपलेली असते. त्यावर लिनक्स घालून ते अनेक वर्षे उत्तम वापरता येते, स्टीमच्या प्रोटॉन या योजनेमुळे विंडोजचे पुष्कळ खेळही त्यावर चालतात; परंतु व्हॅलोरंटसारखा खेळ तेथे चालत नाही, आणि जर मुलाच्या मनात नेमका तोच खेळ असेल, तर हे सारे काटकसरीचे गणित कोलमडून पडते.

जडण्याच्या दोषाविषयी येथे एवढेच म्हणतो, की तो यंत्र घरी येण्यापूर्वी, दुकानातच सुरू होतो. प्रत्येक नमुन्याच्या वर दोन-तीन हजारांनी महाग असा दुसरा नमुना मांडून ठेवलेला असतो, आणि त्या पायऱ्या चढताना कोठे थांबावे हे कोणत्याही वस्तूवर लिहिलेले नसते.

आणि हिंसा. संगणकाला रक्त नसते म्हणून हा दोष आम्हांस जाणवत नाही. त्याच्यासाठी खाणींतून निघालेले धातू, आणि शेवटी भंगारात गेल्यावर तांब्यासाठी जाळल्या जाणाऱ्या तारांचा धूर, हे दोन्ही आमच्या दृष्टीआड घडते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि त्यांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तालुक्याच्या गावात मात्र जुना मॉनिटर आजही भंगारवाल्याच्या हातगाडीवरच चढतो. या दृष्टीने पाहिले तर वापरलेले यंत्र घेणे हेच अधिक धर्म्य ठरते, आणि झिजण्याच्या दृष्टीने पाहिले तर तेच धोक्याचे. दोन दोषांची अशी ओढाताण झाली म्हणजे शास्त्र सोडून मनुष्याला स्वतःची बुद्धी चालवावी लागते. माझा कौल असा, की आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, सोळा जीबी मेमरीचे आणि एसएसडी बसविलेले वापरलेले यंत्र रोजच्या कामाला आणि माइनक्राफ्टसारख्या खेळाला पुरते, आणि ज्याला त्याहून जड खेळ खेळावयाचा आहे त्याने ते घेऊ नये.

येथे पुन्हा त्या बिनअर्जी पिकाकडे यावे लागते. इतर कोणत्याही खरेदीत वापर लपविला तर फारसे बिघडत नाही. संगणकाच्या खरेदीत बिघडते. दुकानदाराला 'अभ्यासासाठी' असे सांगितले, की तो अभ्यासाचे यंत्र देतो, आणि त्याचा काही अपराध नसतो. पुढे मुलाला जीटीए फाइव्ह खेळता येत नाही असे दिसून येते. मग ग्राफिक्स कार्डाचा विचार सुरू होतो. मग कळते की कचेरीतून आलेल्या त्या आटोपशीर पेटीत बुटके कार्डच बसते, तिचा वीजपुरवठा मोठ्या कार्डाला झेपत नाही, आणि तो बदलावा म्हटले तर बाजारातला नेहमीचा पुरवठा त्या पेटीत मावत नाही. तोच खेळ आधी नाव घेऊन सांगितला असता, तर रायझन ५ ५६००जी सारखा, आपल्या पोटातच बऱ्यापैकी चित्रशक्ती बाळगणारा प्रोसेसर घेऊन वेगळ्या कार्डावाचून काम भागले असते. खेळाचे नाव न घेण्याची ही किंमत रुपयांत मोजता येते. सत्य हे यमांत अपरिग्रहाच्या आधी येते, हा क्रम मला या निमित्ताने फार अर्थपूर्ण वाटू लागला आहे.

परंतु खेळाचे नाव अर्जात लिहावे एवढी त्याची योग्यता आहे काय? की ते लपविण्यात काही वाजवी लज्जा आहे?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक मोठा मार्मिक आक्षेप येतो. ज्याला काही मिळवावयाचे उरलेले नाही त्या ब्रह्माने सृष्टी कशासाठी केली? प्रयोजन होते म्हणावे तर त्याला काही उणे होते असे होते. प्रयोजन नव्हते म्हणावे तर वेड्याचा कारभार ठरतो. सूत्रकारांचे उत्तर लीला हे आहे. आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्य ज्याच्या सर्व इच्छा पुरलेल्या आहेत अशा राजाच्या किंवा अमात्याच्या क्रीडेचे, आणि आपोआप चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचे उदाहरण देतात. लोकांतल्या खेळात शोधू गेल्यास काही सूक्ष्म प्रयोजन सापडेलही, हे आचार्य प्रामाणिकपणे मान्य करतात. तरीही परब्रह्माच्या कृतीचे स्पष्टीकरण करण्याची वेळ आली, तेव्हा वेदान्ताला मनुष्याच्या व्यवहारांतून जवळची वाटली ती खेळाची क्रिया, व्यापाराची किंवा अध्ययनाची नव्हे, ही गोष्ट आमच्या शिस्तप्रिय पालकांनी एकदा शांतपणे विचारात घ्यावी. सिद्धेश्वरच्या मुलाचा व्हॅलोरंट म्हणजे ब्रह्मलीला, असे पोकळ विधान मी करणार नाही. तो मुलगा राजा नाही, त्याच्या इच्छा पुरलेल्या नाहीत, आणि पुष्कळदा तो खेळतो तो केवळ थकलेला असतो म्हणून. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की जे कृत्य निष्प्रयोजन आहे ते त्याच कारणाने नीच आहे, हा समज आमच्या दर्शनांतून आलेला नाही.

तो या भूमीच्या परंपरेतूनही आलेला नाही. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळातच विसोबा खेचर आणि नामदेव यांची भेट झाली, अशी पिढीजात श्रद्धा आहे. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव असे ते म्हणाले, आणि नामदेवांनी पाय जेथे जेथे नेले तेथे तेथे पिंडी उभी राहिली. नरसीच्या या संताला ज्या क्षणी दीक्षा लाभली त्या क्षणी त्याच्या हातून पवित्र जागा आणि अपवित्र जागा यांची वाटणी सुटली. आमच्या घरांत मात्र अभ्यासाचे टेबल तेवढे पवित्र, आणि खेळ म्हणजे पाय ठेवावयाची जागा, अशी वाटणी करून तिला संस्कार असे नाव दिलेले आहे. वारकऱ्यांनी वाळवंटात फुगड्या घातल्या, संतांनी हुतूतूचीही रूपके करून अभंग रचले. त्यांना खेळाची लाज वाटली नाही. पुरुषार्थ चार मानले गेले, त्यांत काम हे एक स्वतंत्र खाते आहे. खेळाचा खर्च त्या खात्यावर पडावा, विद्येच्या खात्यावर नव्हे, एवढी जमाखर्चाची शुद्धता शास्त्राला मानवणारीच आहे.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्रासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. दोन कृष्णविवरे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांवर आदळली, हे कळून हळदीला भाव चढणार नाही. तरीही सरकारदरबारी तो खर्च जिज्ञासेच्याच नावाने मागितला गेला आणि मंजूर झाला.

आता दुसरी बाजू, आणि ती दडपून टाकणे अप्रामाणिक होईल. लीळाचरित्राने चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची जी हकीकत नोंदविली आहे, तीत हरिपाळदेव द्यूतात हरतो, देणे फेडण्यासाठी पत्नीजवळ अलंकार मागतो, ती नकार देते, आणि त्या नकाराने त्याचे मन संसारावरून उडते. प्रत्येक हरणाऱ्याचा पुढे चक्रधर होत नाही. बहुतेकांचा नुसता कर्जदार होतो. खेळात पैसा शिरला म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो, हे आमच्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाईन गेमिंगच्या कायद्यानेही पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई करून ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यापासून वेगळे काढले. बापाने मुलावर नजर ठेवावयाची असेल तर ती येथे ठेवावी : खेळाच्या तासांवर ठेवावी, पण त्याहून अधिक खेळाच्या आत होणाऱ्या खरेदीवर ठेवावी. फुकट मिळणाऱ्या खेळांत सजावटीच्या वस्तू विकावयास ठेवलेल्या असतात, आणि वडिलांचे यूपीआय खाते ज्या मोबाईलवर आहे तो मोबाईल मुलाच्या हातात असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहाराबरोबर विहाराचेही प्रमाण सांगितले आहे, आणि प्रमाण सांगितले जाते ते मान्य असलेल्या गोष्टीचेच; जी गोष्ट घरात आहे असे कोणी कबूलच करीत नाही, तिचे प्रमाण कोण आणि कसे ठरविणार? दोन तास खेळ असे ठरवावयाचे, तर आधी खेळ आहे असे म्हणावे लागते. 'अभ्यास' या नावाने चाललेल्या खेळाला घड्याळ लावता येत नाही, आणि मग बाप रोज संशय घेतो आणि मुलगा रोज खिडकी बदलतो.

एकदा नाव घेतले म्हणजे दुकानातले काम फारसे अवघड राहत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रांचे काम मुख्य मेमरीतूनच होते. म्हणून सोळा जीबीची एकच पट्टी बसविण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या बसविल्या, तर तोच प्रोसेसर खेळात स्पष्टपणे अधिक चालतो. हे तपासावयास तज्ज्ञ नको. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर टिचकी मारली, की खालच्या कोपऱ्यात 'स्लॉट्स यूज्ड' असे लिहून वन ऑफ टू किंवा टू ऑफ टू असा आकडा दिसतो. वापरलेले यंत्र असेल तर बाजूचे झाकण उघडावयास सांगावे, आत धुळीच्या थराखाली एक पट्टी आणि तिच्याशेजारी रिकामी खाच दिसली, तर भाव तेथूनच सुरू करावा. साठवणीला एसएसडीच हवी, जुन्या फिरत्या तबकडीवर विंडोज ११ चालविणे म्हणजे रोजचा छळ आहे. रंगीत दिवे लागणारी पेटी, लाल रेघांची खुर्ची आणि 'गेमिंग' असे छापलेला माऊस यांवाचून कोणताही हलका खेळ अडत नाही. त्या पैशांत यूपीएस येतो.

तेव्हा माझी पालकांना एवढीच विनंती आहे. हळदीची पट्टी हाती आल्यावर मुलाने संगणकाचा विषय काढला, तर अभ्यासाची कारणे ऐकून घेतल्यानंतर त्याला सरळ विचारावे, की बाबा रे, खेळणार कोणते? तो दबकत दोन नावे सांगेल. त्यावर रागावू नये, हसूही नये. तीच दोन नावे कागदावर लिहून दुकानात न्यावीत, त्यांतला जड असेल तो खेळ आपल्यासमोर चालवून दाखवावयास सांगावे, तो नीट चालला तर त्याच्या वरचा नमुना पाहू नये, आणि यंत्राचा क्रमांक व हमीची मुदत लिहिलेली पक्की पावती हातात पडल्यावाचून पैसे देऊ नयेत.